बांधातलं शिसं

ऑरव्हिल टॉर्गरसन वारले, पण त्यांचा फोन वाजायचा थांबला नाही. मोंटानातून, वायोमिंगमधून, कुठून कुठून थकलेल्या आवाजाचे लोक विचारायचे, "पंचेचाळीस बोअरच्या गोळ्या आहेत का?" त्यांची बायको मार्व्हा सांगायची, "गोळ्या नाहीत. ऑरव्हिलही नाही." पलीकडचा माणूस दिलगिरी व्यक्त करायचा आणि मग हळूच विचारायचा, "अडतीसच्याही नाहीत?"

या फोनच्या जोरावर नेल्सच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, डोक्यात गोळ्या ओतायचा धंदा पुन्हा सुरू करायचं आलं. लाकडाची गिरणी ऑगस्टमध्ये बंद पडली होती. तिथे नेल्स करवतीवर होता. स्पोकेन शहरात एका गोदामात नोकरी मिळत होती आणि होय-नाही नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आत कळवायचं होतं. होय म्हटलं तर बायको-मुलीसह हॅस्केल गाव सोडायचं. नाही म्हटलं तर घरामागची शेड, बापाचं यंत्र, साचे आणि फोन.

कोरीन, म्हणजे नेल्सची बायको, माझी धाकटी बहीण. तिने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. मी हॅस्केलच्या शाळेत इतिहास शिकवतो. घरात कॉलेजला गेलेला मी एकटाच. त्यामुळे गुडघेदुखीपासून कर्जाच्या व्याजापर्यंत सगळ्यात मला कळतं असा समज आहे आणि तो मोडून काढायला मी आजवर फारसे कष्ट घेतलेले नाहीत.

"आर्लो, तूच सांग याला," कोरीन म्हणाली. "आजच्या काळात कोण घेतं हाताने ओतलेल्या गोळ्या?"

"लोक फोन करतात," नेल्स म्हणाला.

"फोन करणाऱ्यांचं वय विचार एकदा."

मी घसा साफ केला आणि दोन्ही बाजू मांडल्या. आमच्या खोऱ्यातली जुनी माणसं झाडलेलं काडतूस फेकत नाहीत. पितळेची रिकामी नळी घरी आणतात, बंदुकीची नवी दारू भरतात, तोंडाशी नवी गोळी बसवतात. दुकानातल्या भरलेल्या काडतुसापेक्षा ते स्वस्त पडतं, संध्याकाळही चांगली जाते. त्यांना लागते ती फक्त शिशाची गोळी, आणि ती ऑरव्हिलकाका अशी ओतायचे की हिऱ्याच्या व्यापाऱ्याने पाहत राहावं. पण कारखाने आता तीच गोळी ढिगाने काढतात. दारू वेळेवर मिळत नाही. तरुण मुलं भरलेली काडतुसं विकत घेतात, कारण त्यांना संध्याकाळी दुसरी कामं असतात. शिसं जड, त्यामुळे पाठवण्याचा खर्च जड. शिवाय सरकारी परवाना, विमा.

"म्हणजे करू की नको?" नेल्सने विचारलं.

"त्यावर विचार व्हायला हवा," मी म्हणालो.

"एवढ्यासाठी चार वर्षं कॉलेज," कोरीन म्हणाली.

तिची खरी हरकत वेगळी होती. हॅस्केलमध्ये पूर्वी शिशाची मोठी भट्टी होती. ती बंद पडली, धुराडी पाडली, वरची माती खरवडून दुसरी टाकली. पण आमच्या लहानपणी दर उन्हाळ्यात शाळेत बोट टोचून रक्त तपासायचे. प्रत्येकाला आपल्या रक्तातल्या शिशाचा आकडा वाढदिवसासारखा पाठ आहे. बारमध्ये अजून त्यावरून पैजा लागतात. कोरीनचा आकडा तिच्या वर्गात सगळ्यात मोठा होता. "शाळेत मला मिळालेलं ते एकमेव बक्षीस," असं ती सांगते, आणि हसत नाही. आता तिची मुलगी टेस पाच वर्षांची होती.

शेवटी कोरीनने अटी घातल्या. शेडचे बूट शेडमध्येच राहतील, कपडे वेगळे धुतले जातील, आंघोळ केल्याशिवाय पोरीला उचलायचं नाही. आणि थँक्सगिव्हिंगपर्यंत खरं गिऱ्हाईक दिसलं नाही, तर स्पोकेन. नेल्सने सगळं कबूल केलं. गिरणी बंद झाल्यापासून त्याच्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं.

पहिली कढई त्याने वाया घालवली. ऑरव्हिलकाका टायरवाल्याकडून चाकांना लावायची शिशाची वजनं आणायचे. नेल्सनेही तीच आणली, वितळवली. पण आता त्या वजनांत जस्ताची पुष्कळ निघतात आणि मूठभर जस्त अख्ख्या कढईची वाट लावायला पुरतं. रस लापशीसारखा झाला, गोळ्या सुरकुतल्या.

मार्व्हा काठी टेकत शेडच्या दाराशी आली, एक गोळी हातात घेऊन तिने उजेडात धरली. "तुझे बाबा प्रत्येक वजनाला आधी पक्कड लावून बघायचे. शिसं दबतं, जस्त दबत नाही."

"मग तू आधी का नाही सांगितलंस, आई?"

"तू विचारलं नाहीस. आणि तुझ्या बाबांनीही पहिली कढई अशीच घालवली होती. मला वाटलं, धंद्याची रीतच असेल."

मग शिसं दिलं क्लबने. गावाबाहेर हॅस्केल रायफल क्लबची चांदमारी आहे. निशाणांच्या मागे मातीचा उंच बांध आहे, मारलेली प्रत्येक गोळी त्यात जाऊन रुतते. दर वसंतात बर्फ वितळलं की सगळे सभासद फावडी घेऊन जमतात, बांध उकरून माती चाळतात आणि निघालेलं शिसं ओतणाऱ्याला देतात. तो ते वितळवून गोळ्या ओततो, सभासद विकत घेतात, बांधात मारतात, पुन्हा उकरतात. ऑरव्हिलकाका गेल्यावर उकरलेलं शिसं क्लबच्या मागे पिंपात पडून होतं. क्लबचे अध्यक्ष व्हर्जिल प्रूट यांनी स्वतः पिकअपमधून पिंपं आणून नेल्सच्या दारात उतरवली. उतरवली म्हणजे नेल्सने उतरवली. व्हर्जिलनी कुठे ठेवायची ते दाखवलं.

"पोरा, तुझ्या बापाच्या गोळ्यांवर माझी निम्मी हयात गेली," ते म्हणाले. "पंचेचाळीसच्या किती देतोस?"

"किती हव्यात?"

"किती देतोस?"

नेल्सने एक गोष्ट नवी केली. बापासारखं गोळीला मेण न फासता त्याने गोळ्यांवर रंगाची पूड चढवून त्या जुन्या ओव्हनमध्ये भाजायला सुरुवात केली. धूर कमी होतो, हाताला शिसं लागत नाही. कोरीनसाठी म्हणूनच त्याने ते केलं. रंग हिरवा घेतला, कारण स्वस्तात तोच मिळाला. टपोऱ्या, एकसारख्या गोळ्या निघू लागल्या. ओव्हनमधून ट्रे बाहेर काढून तो नुसता बघत उभा राहायचा. करवतीवर इतकी वर्षं काढली, पण कापलेल्या फळीकडे असं बघताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

मागणी आली. बाहेरगावची थोडी, गावातली भरपूर. व्हर्जिल, लेस हार्कनेस, एमेट, झाडून सगळे सभासद. एक खोका संपायच्या आत दुसरा मागायचे. लेसच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तो निशाणापेक्षा निशाणाच्या आवाजावर जास्त विसंबतो, त्यानेही चार वेळा नेल्या. नेल्सच्या चालण्यात फरक पडला. दुकानात तो आता शेल्फाकडे न बघता लोकांकडे बघून बोलायचा.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात त्याने स्पोकेनला नाही कळवलं. कोरीनने टर्की भाजली, बटाटे कुस्करले आणि माझ्या ताटात दुप्पट वाढत म्हणाली, "विचार झाला का तुझा?"

त्याच महिन्यात गावात मतदान होऊन गेलं होतं. अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांना पगार देता यावा म्हणून घरपट्टीवर छोटासा कर सुचवला होता. तो पडला. आदल्या खेपेलाही पडला होता. आमच्याकडे नवीन कर मतदानाला येतो तो पाडायला मिळावा म्हणून येतो, अशी समजूत आहे. अ‍ॅम्ब्युलन्स अर्थातच चालू राहिली, कारण ती नेल्स फुकट चालवत होता. सोबत दवाखान्यातली निवृत्त नर्स ऑड्री. ती नाडी बघते, पण तिला स्ट्रेचर उचलवत नाही.

जानेवारीत लेसच्या छातीत कळ आली. गुडघाभर बर्फ, लेसचं घर चढावर, आणि जवळचं इस्पितळ घाटापलीकडे. नेल्सने कढईखालची आच बंद केली, निघाला, लेसला पायऱ्यांवरून जवळजवळ खांद्यावरच उतरवलं आणि घाट पार केला. लेस वाचला. परत आल्यावर त्याने आणखी दोन खोके मागवले.

"छातीवर ताण नको म्हणालेत ना डॉक्टर?" नेल्सने फोनवर विचारलं.

"मारणार नाही रे जोरात," लेस म्हणाला.

एप्रिलच्या शेवटी बांध उकरायचा शनिवार आला. सकाळी क्लबच्या पत्र्याखाली पॅनकेक, हरणाचं सॉसेज आणि रानातल्या हकलबेरींचा मुरंबा. मी या क्लबचा सभासद केवळ या न्याहारीमुळे आहे. नेल्स मात्र न खाता आधी बांधाकडे गेला. पिंपातलं शिसं संपत आलं होतं. हिवाळाभर विकलेलं सगळं आज त्याला परत मिळणार होतं, आणि त्यावर पुढचं वर्ष.

त्याने फावडं मारलं, चाळणी हलवली. माती खाली गेली, वर थोडे तुकडे उरले. जुने, राखाडी, पांढरट पडलेले. त्याने दुसरीकडे उकरलं. मग तिसरीकडे. मी कॉफीचा कप घेऊन त्याच्याकडे गेलो तेव्हा तो गुडघ्यांवर बसून हाताने माती चाळत होता.

"आर्लो, हिरवं दिसतंय का तुला कुठे?"

मी वाकून पाहिलं. चाळणीत एक चपटा तुकडा होता, कडेला हिरवा. एकच.

व्हर्जिल, लेस आणि बाकीचे हातात थाळ्या घेऊन पत्र्याखालून हळूहळू आमच्याकडे आले. कुणीच फावडं आणलेलं नव्हतं.

"माझ्या गोळ्या कुठे आहेत?" नेल्सने विचारलं.

"रंग उडाला असेल पोरा, बर्फात," व्हर्जिल म्हणाले.

"भाजलेला रंग आहे, व्हर्जिल. गोळी पसरेल, रंग उडत नाही."

"आम्ही हल्ली वर डोंगरात जातो मारायला."

"या गुडघ्यांनी?"

व्हर्जिलनी थाळीतलं सॉसेज काट्याने इकडून तिकडे सरकवलं. लेस मध्ये पडला. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला खोटं बोलायचा कंटाळा येत असावा. "माझ्या तळघरात आहेत, नेल्स. सगळे खोके. एक फोडला होता. फार छान आहेत."

"मारून पाहिल्यात?"

"दिसायला छान आहेत."

"आणि बाकीच्यांचे?"

एमेटने टोपी काढून पुन्हा घातली.

"म्हणजे भीक," नेल्स म्हणाला.

"तोंड सांभाळ," व्हर्जिल म्हणाले. "भीक घालायला आम्ही कोण? पैसे मोजून माल घेतला."

"न लागणारा माल."

"माझ्या पैशाने मी काय घ्यायचं ते मी बघीन."

"पण का घेतलात?"

व्हर्जिलनी मान वळवली. क्लबच्या फाटकाशी अ‍ॅम्ब्युलन्स उभी होती. जिथे इतके म्हातारे फावडी घेऊन जमणार तिथे ती आणून ठेवायची नेल्सचीच पद्धत. "तू गेल्यावर हॅस्केलमध्ये स्ट्रेचरचं एक टोक उचलेल असा माणूस दाखव मला," ते म्हणाले. "कोण आहे? आर्लो?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीचा घोट घेतला. विषय तिथेच संपला.

"मग नोव्हेंबरात त्या करासाठी मत का नाही दिलंत?" नेल्सचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पगार मिळाला असता. मी चालवलीच असती ना गाडी."

"ते वेगळं," व्हर्जिल म्हणाले.

"काय वेगळं?"

"कर म्हणजे ते आपल्याकडून घेतात. हे म्हणजे आपण देतो."

"त्या करापेक्षा तुम्ही गोळ्यांवर जास्त घातलेत."

"प्रश्न तत्त्वाचा आहे," व्हर्जिल म्हणाले, आणि आजूबाजूच्या माना गंभीरपणे हलल्या. माझ्या ओळखीची ही माणसं शेजाऱ्याचं छप्पर उडालं तर न बोलावता शिडी घेऊन जातात, आणि शेजाऱ्याने आभार मानले तर आठवडाभर तोंड चुकवतात. 'राहा' हा शब्द त्यांना उच्चारता येत नाही. तो न उच्चारता काम भागावं म्हणून त्यांनी हिवाळाभर तळघरं शिशाने भरली.

"मी स्पोकेनला नाही म्हणालो," नेल्स म्हणाला. "मला वाटलं, माझ्या गोळ्या चांगल्या आहेत."

"चांगल्याच आहेत रे," लेस म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

नेल्सने चाळणी बांधाला टेकवून ठेवली आणि चालत घरी गेला. अ‍ॅम्ब्युलन्स तिथेच राहू दिली, किल्ली आत ठेवून. दुपारपर्यंत एकही म्हातारा जागचा हलला नाही. आपल्यापैकी कुणाला काही झालं तर, हा विचार प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या तब्येतीकडे संशयाने बघत होता.

पुढचे दिवस मार्व्हाने बाहेरगावच्या जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावले. बरेचसे फोन मुलांनी किंवा सुनांनी उचलले. एकाने विचारलं, बाबांच्या सगळ्या बंदुका विकायच्या आहेत, तुमच्या ओळखीत कुणी आहे का? मार्व्हाने रिसीव्हर ठेवला आणि नेल्सला म्हणाली, "तुझे बाबा वेळेवर गेले म्हणायचं."

कोरीन मात्र भांडली नाही. तिने एकदाच म्हटलं, "तुला राहायचंय का इथे, ते सांग. गोळ्यांचं सोड."

"राहायचंय," नेल्स म्हणाला. "पण न लागणाऱ्या मालासारखं नाही."

त्याने व्हर्जिलना निरोप धाडला: कर पुन्हा मतदानाला आणा. गाव हो म्हणालं तर मी राहतो, पगारावर, उघडपणे. नाही म्हणालं तर शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्ही जातो. तोवर गाडी माझ्याकडे. गावातली मागणी घेणं त्याने बंद केलं. व्हर्जिलनी धावपळ केली हे मान्य करायला हवं. आयुष्यभर प्रत्येक कर पाडण्यासाठी दारोदार फिरलेला माणूस या वेळी तीच दारं ठोठावून उलटं सांगत होता. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. दुकानात, चर्चमध्ये, पोस्टात ज्याने त्याने नेल्सचा खांदा थोपटला. "माझं मत तुझ्याकडे धर." मी मनात बेरीज करत होतो. जितक्या लोकांनी खांदा थोपटला तितक्या मतांत कर आरामात पास होत होता.

पडला. मागच्यापेक्षा कमी फरकाने, पण पडला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये नेल्सला मदत करत होतो. म्हणजे तो यंत्राचे नटबोल्ट सोडवत होता आणि मी ते डब्यात टाकत होतो. स्पोकेनच्या गोदामात आता फक्त रात्रपाळी उरली होती. त्याने ती घेतली होती. कोरीन घरात पेटारे भरत होती. टेस अंगणात होती, शेडपासून लांब आखलेल्या खडूच्या रेषेपलीकडे.

व्हर्जिल आले आणि दारात उभे राहिले. आत यायला बूट बदलावे लागतात हे त्यांना ठाऊक होतं.

"पंचेचाळीसच्या एक खोका मिळेल?" त्यांनी विचारलं.

नेल्सने वर पाहिलं नाही. "यंत्र सुटलंय."

"घाई नाही मला."

"व्हर्जिल."

"मी हो म्हणून मत दिलं," व्हर्जिल म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "पहिल्यांदा. चुकीच्या रकान्यात तर खूण केली नाही ना, म्हणून दोनदा वाचलं."

"मला माहीत आहे तुम्ही दिलंत."

"बाकीच्यांचं मला सांगता येत नाही."

"तेही म्हणतात दिलं म्हणून."

व्हर्जिल बराच वेळ दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. त्यांचा ओठ दोनदा हलला. आता ते तो शब्द म्हणतील, असं मला वाटलं. नेल्सलाही वाटलं असावं, कारण त्याचा पाना थांबला होता.

"स्पोकेनला हिवाळ्यात रस्ते लवकर साफ करतात म्हणे," व्हर्जिल म्हणाले.

"करतात," नेल्स म्हणाला आणि पाना खाली ठेवला. त्याने हात धुतले, कोपरापर्यंत, कोरीनच्या नियमाप्रमाणे, बूट बदलले आणि खिशातून किल्ली काढून व्हर्जिलच्या हातावर ठेवली. "चला. दाखवतो."

"काय?"

"गाडी. कुणीतरी चालवायलाच हवी."

"मला? पोरा, मला अंधारात दिसत नाही."

"ऑड्रीला दिसतं. ती शेजारी बसून सांगेल."

"आणि स्ट्रेचर?"

नेल्सने माझ्याकडे पाहिलं. व्हर्जिलनीही पाहिलं. या वेळी विषय संपला नाही. मी हातातला नटबोल्टांचा डबा खाली ठेवला.

मग आम्ही तिघं अग्निशमन केंद्राच्या पटांगणात गेलो, गाडी तिथेच उभी असते. व्हर्जिल चाकामागे बसले, नेल्स शेजारी. मला मागे स्ट्रेचरवर झोपायला सांगितलं, वजनाचा अंदाज यावा म्हणून. गाडी एक गचका देऊन मागे गेली, थांबली, पुन्हा गेली. "ब्रेक नुसता टेकवा," नेल्सचा आवाज येत होता, "मागे आजारी माणूस आहे असं समजा." व्हर्जिलचा नुसता श्वास ऐकू येत होता, मोठा आणि जपून घेतलेला. मी छताकडे बघत पडलो होतो. गाडी पटांगणात फेऱ्या घालत राहिली आणि प्रत्येक फेरीला वळण थोडं थोडं कमी वाईट होत गेलं.